यादीबाहेरचं पुस्तक हुडकायचं कसं? (राजकारण, फॅन्टसी, विज्ञानकथा, प्रवास)

कोरं_पान
नमस्कार मंडळी. राजकारण, फॅन्टसी, विज्ञानकथा आणि प्रवास अशा चार प्रकारांतली पुस्तकं आलटून पालटून वाचायची आहेत. वाचायला वेळ आहे, अडतं ते निवडताना. 'वाचायलाच हवीत अशी शंभर' छापाच्या दहा याद्या समोर ठेवल्या तर तीच पंचवीस नावं फिरताना दिसतात. विक्रीच्या संकेतस्थळांवरच्या शिफारशी 'पहिला भाग घेतलात ना, आता दुसरा घ्या' यापलीकडे जात नाहीत. ताऱ्यांवर जावं तर सगळ्यांनाच चार पूर्णांक काहीतरी.

तर यादीत नसलेलं, पण वाचून वेळ सार्थकी लागेल असं पुस्तक हुडकायची तुमची रीत काय? चारही प्रकारांना एकच रीत चालते का? कृपया पुस्तकांची नावं देऊ नका, नाहीतर दुसऱ्या पानावर धागा पुन्हा त्याच पंचविसांवर येऊन बसेल. पद्धत सांगा.

वाचाळवीर
नावं नकोत? मग अर्धे आयडी इथूनच परत फिरले समजा.

तळटीप
राजकारणापुरतं सांगतो. पुस्तक मागून उघडायचं.

आधी शब्दसूची. तुम्हाला बारकाईने माहीत असलेली एक गोष्ट घ्या: एखादी निवडणूक, एखादा कायदा, एखादा करार. सूचीतून ती पानं काढा, वाचा आणि टिपांचे आकडे धरून मागे जा. तीन टिपा तपासल्या तरी पुरतात. तिथे सभागृहातल्या चर्चेचा वृत्तान्त, न्यायालयाचा निकाल, पत्र, तारीखवार मुलाखत असं काही दिसतं, की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं तिसऱ्याचं वाक्य? ओळीने पंधरा वेळा 'उपरोक्त' आलं असेल तर ते प्रकरण म्हणजे एकाच पुस्तकाचा गोषवारा आहे. मग ते मूळ पुस्तकच का वाचू नये?

मग ऋणनिर्देश. एखाद्या नेत्याने 'अनेकदा मोकळेपणाने वेळ दिला' असं असेल तर त्या नेत्यावरच्या प्रकरणात एक तरी कडू वाक्य आहे का ते बघा. नसेल तर वेळेची किंमत कशी चुकती झाली ते कळलं.

तिसरी युक्ती माझी सगळ्यात लाडकी. एकाच प्रश्नावर एकमेकांच्या उरावर बसणारी दोन पुस्तकं घ्या. वाचू नका. त्यांच्या संदर्भसूच्या शेजारी शेजारी ठेवा आणि दोघांनीही आधाराला घेतलेली पुस्तकं वेगळी लिहा. चार-पाच निघतात. ज्या पुस्तकातून दोन कट्टर विरोधकांना आपापला दारूगोळा मिळतो, त्यात ऐवज असतो. ही पुस्तकं याद्यांत येत नाहीत, कारण ती जुनी असतात, त्यांची शीर्षकं रटाळ असतात आणि मुखपृष्ठावर नुसती अक्षरं असतात.

शंकासुर
आणि सूचीच नसेल तर?

तळटीप
तर ते भाषण आहे, पुस्तक नव्हे. (ह. घ्या.)

आत्मचरित्रांना ही सवलत द्यावी लागते, त्यांत टिपा नसतातच. तिथे प्रकाशनाचं साल बघा. माणूस पदावर असताना किंवा पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर आलेलं आत्मचरित्र म्हणजे जाहीरनामाच. निवृत्तीनंतर बऱ्याच काळाने आलेलं असेल तर लेखक जुने हिशेब चुकते करतो, तेही एकतर्फीच, पण निदान त्यात माहिती तरी असते.

गोष्टीवेल्हाळ
फॅन्टसीला मागून उघडण्याची रीत चालत नाही, शेवट कळेल! :) इथे वेगळे सापळे आहेत.

पहिला सापळा मालिकांच्या ताऱ्यांचा. कुठल्याही लांब मालिकेचे तारे भागागणिक चढत जातात. पहिल्याला ३.९, तिसऱ्याला ४.२, पाचव्याला ४.५. लेखक सुधारला म्हणून नव्हे. ज्यांना पहिला आवडला नाही ते गळाले, पाचव्याला तारे द्यायला फक्त भक्त उरले. म्हणून तुलना करायची ती पहिल्या भागाची दुसऱ्या मालिकेच्या पहिल्या भागाशीच. दुसरा आकडा बघायचा तो तारे देणाऱ्यांच्या संख्येचा. पहिल्याला एक लाख आणि दुसऱ्याला वीस हजार असतील तर ऐंशी टक्के लोक दारातूनच परतलेत. नुकत्याच आलेल्या भागाला हा हिशोब लावू नका, त्याला लोक पोचलेले नसतात.

दुसरं, अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून द्या. दोन आणि तीनवाले वाचा. ते लोक पुस्तक पूर्ण वाचतात आणि कुरकुर नेमकी करतात. 'फार संथ आहे, दोनशे पानं नुसते बाजार आणि करवसुली' ही एकाची तक्रार दुसऱ्यासाठी जाहिरात असते.

तिसरं, नमुना पान. पहिलं पान बघू नका, ते घासूनपुसून गुळगुळीत केलेलं असतं. चाळीस-पन्नासाव्या पानाच्या आसपास जिथे दोघं जण बोलतायत तिथे वाचा. सगळी पात्रं एकाच आवाजात बोलत असतील, किंवा एक पात्र दुसऱ्याला त्याला आधीच माहीत असलेला इतिहास सांगत असेल ('तुला ठाऊकच आहे, तीनशे वर्षांपूर्वी...'), तर पुढची सातशे पानं तशीच जाणार. आणि एका परिच्छेदात पाचाहून जास्त नवी घडवलेली विशेषनामं आली तर लेखकाला जग दाखवायचं नाहीये, नकाशा दाखवायचाय.

मालिका पूर्ण झालीय का, हे आधी तपासाच. शेवटचा भाग येऊन किती वर्षं झाली ते पाहा. दोन भागांतलं अंतर दर वेळी वाढत असेल तर काय ते समजा.

वाचाळवीर
शेवटच्या ओळीवर कुणाचीतरी जखम उघडी पडली असणार.

तिसरा_चंद्र
विज्ञानकथेत तर शॉर्टकट आयताच बांधलेला आहे, लोक वापरत नाहीत इतकंच. सहाशे पानांची कादंबरी हातात घेण्याआधी त्या लेखकाची एक कथा वाचा. हा प्रकार मासिकांत वाढला आणि अजूनही नवे लेखक बहुतेक तिथूनच येतात. 'ॲनालॉग' १९३० पासून (तेव्हाचं नाव वेगळं), 'असिमॉव्ह्ज' १९७७ पासून. 'स्ट्रेंज होरायझन्स' आणि 'क्लार्क्सवर्ल्ड' यांच्या कथा संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, दुसऱ्यात अनुवादित कथाही नेमाने असतात. एक कथा वीस मिनिटांत होते. आवडली तर लेखकाचं नाव वहीत, नाही तर पुढे.

मधली पायरी म्हणजे लघुकादंबरी. ह्यूगो या विज्ञानकथा-फॅन्टसीच्या पुरस्काराच्या नियमांत १७,५०० ते ४०,००० शब्दांच्या कथेला नॉव्हेला म्हणतात. एका बैठकीत संपते आणि लेखकाचा दम कळतो. कल्पना झकास पण माणसं पुठ्ठ्याची, हा या प्रकारातला नेहमीचा रोग. तो कथेत झाकला जातो, लघुकादंबरीत उघडा पडतो.

लेखक सापडला की 'आयएसएफडीबी' या विज्ञानकथा-फॅन्टसीच्या खुल्या सूचीत त्याचं पान उघडा. कुठली कथा आधी कुठे आली, नंतर कुठल्या संकलनात गेली, मालिकेचा क्रम काय, पुस्तक दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने छापलंय का, सगळं तिथे मिळतं. तीच कादंबरी दोन नावांनी दोनदा घेण्याचा धोका टळतो. मग उलटी वाट धरा: आवडलेली कथा ज्या वार्षिक संकलनात आहे, त्याच संपादकाची आणखी दोन वर्षांची संकलनं बघा. लेखकापेक्षा संपादकाचा माग काढणं जास्त फळतं. एक लेखक वर्षात एक पुस्तक देतो, संपादक वीस नावं देतो.

शंकासुर
म्हणजे शेवटी पुरस्कारच. आणि पुरस्कारांचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे. २०१५ साली काय झालं?

तिसरा_चंद्र
@शंकासुर, पुरस्कार कोण देतं हे कळलं की त्याचा उपयोग कसा करायचा तेही कळतं. सगळे एका मापाने मोजू नका.

ह्यूगो १९५३ पासून. वर्ल्डकॉन संमेलनाचे सभासद मत देतात, म्हणजे हा चाहत्यांचा कौल. नेब्युला पहिल्यांदा १९६६ साली दिला गेला, तिथे मतदार स्वतः लेखक असतात. त्यामुळे कारागिरी बारकाईने पाहणारं पुस्तक तिथे जास्त टिकतं. आर्थर सी. क्लार्क पुरस्कार १९८७ पासून, ब्रिटनमध्ये छापलेल्या विज्ञानकथा कादंबऱ्यांना, आणि तिथे निवड समिती असते. समितीवरचे चार-पाच जण आलेली पुस्तकं खरोखर वाचतात, म्हणून तिथे अनोळखी नाव वर यायची शक्यता अधिक.

२०१५ चं म्हणाल तर ह्यूगोसाठी ठरवून एकगठ्ठा नामांकनं टाकली गेली आणि सभासदांनी पाच विभागांत 'पुरस्कार कुणालाच नको' असं मत दिलं. २०१७ पासून नामांकनं मोजायची रीत बदलली आणि अंतिम यादी पाचाची सहा झाली. व्यवस्था बिघडली, दुरुस्त केली.

खरी गंमत विजेत्यात नाहीच. सोहळ्यानंतर ह्यूगोचे नामांकनाचे आकडे जाहीर होतात. त्यात अंतिम यादीच्या उंबरठ्यावर अडलेली नावं असतात. क्लार्क पुरस्कारासाठी आलेल्या सगळ्या पुस्तकांची यादीही बऱ्याच वर्षी जाहीर झाली आहे. @कोरं_पान, तुम्हाला हवं असलेलं 'यादीबाहेरचं' पुस्तक नेमकं या उंबरठ्यावर बसलेलं असतं.

कोरं_पान
हे रोचक आहे. दंडवत. प्रवासवर्णनाबद्दल कुणी?

आडवाट
प्रवासवर्णनात पहिला प्रश्न: प्रवास कधी केला आणि लिहिला कधी? ही दोन सालं वेगळी असतात आणि मुखपृष्ठावर एकच छापतात. पॅट्रिक ली फर्मर १९३३ च्या डिसेंबरात युरोप पायी ओलांडायला निघाला. त्या प्रवासाचा पहिला खंड आला १९७७ साली. मधे ४४ वर्षं, आणि पहिली वही तर म्युनिकमध्ये पाठपिशवीसकट चोरीला गेलेली. वाक्यं अप्रतिम आहेत, पण तो १९३३ चा युरोप नव्हे, साठीतल्या माणसाच्या आठवणीतला युरोप आहे. हे माहीत असलं की वाचनाची मजा कमी होत नाही, दुप्पट होते. मात्र कुणी त्यातल्या संवादांना पुरावा म्हणून धरू लागला तर थांबवा.

दुसरा प्रश्न: कुणी लिहिलं? इब्न बतूताने १३५५ च्या सुमारास तोंडी सांगितलं, लेखणी होती इब्न जुझय्यची, आणि त्याने दमास्कस-मक्केच्या वर्णनांत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या इब्न जुबैरचे परिच्छेद घातले. मार्को पोलोच्या बाबतीतही लिहिणारा रुस्तिकेल्लो, जो शौर्यकथा लिहायचा. जुनं प्रवासवर्णन घेताना संपादकाच्या टिपा असलेली आवृत्तीच घ्या. टिपांशिवाय उसनं कुठलं आणि पाहिलेलं कुठलं ते कळत नाही.

नव्या पुस्तकांसाठी माझी चाचणी पैशाची आणि भाषेची. मधलं कुठलंही प्रकरण उघडा. लेखक तिथल्या माणसांशी कुठल्या भाषेत बोलतोय? दुभाष्या आहे का, असेल तर त्याला नाव आणि चेहरा आहे का? पैसे कुठून आले, किती दिवस राहिला, कुठे अडकला? हे सगळं गाळून नुसते सूर्यास्त आणि 'हसऱ्या चेहऱ्याची साधी माणसं' असतील तर ठेवून द्या. ज्या पुस्तकात लेखक बसची वाट पाहत सहा तास बसतो ते सहसा चांगलं निघतं.

आणि जोडीने वाचा. एकच वाट, दोन वेगळ्या शतकांतले दोन प्रवासी. नव्याच्या पुस्तकात जुन्याचा उल्लेख बहुधा असतोच, तिथूनच पुढचं पुस्तक मिळतं.

वाचाळवीर
सहा तास बसची वाट पाहण्याची चाचणी मंजूर. या निकषावर आमच्यातले पुष्कळ जण थोर प्रवासलेखक ठरतील.

सूचीकार
ग्रंथालयाच्या सूचीतून शोधण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

ड्यूई वर्गीकरण असलेल्या ग्रंथालयात राज्यशास्त्र ३२० पासून: ३२४ निवडणुका आणि पक्ष, ३२७ आंतरराष्ट्रीय संबंध, ३२८ विधिमंडळं. प्रवास ९१० मध्ये, पुढे खंडवार: ९१४ युरोप, ९१५ आशिया, ९१६ आफ्रिका. पण इथे दोन खड्डे आहेत. नेत्यांची चरित्रं ३२० च्या कपाटात बहुधा नसतात, ती इतिहासात ९०० च्या पुढे किंवा चरित्रांच्या वेगळ्या कपाटात जातात. आणि प्रवासवर्णनाचं शीर्षक काव्यमय असलं तर वर्गीकरण करणारा ते निबंधांत टाकू शकतो.

म्हणून शीर्षकाने शोधू नका, विषय-शीर्षाने शोधा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत देशाच्या नावापुढे 'डिस्क्रिप्शन अँड ट्रॅव्हल' असं ठरलेलं उपशीर्ष लागतं, राजकारणासाठी 'पॉलिटिक्स अँड गव्हर्नमेंट'. सूचीच्या पानावर एखाद्या आवडलेल्या पुस्तकाची नोंद उघडली की हे शीर्ष खाली दुव्याच्या रूपात दिसतं. त्यावर टिचकी मारा आणि निकाल प्रकाशन-सालाने उलटे लावा, जुनं आधी. गाजलेली नावं खाली जातात आणि विसरलेली वर येतात.

कादंबऱ्यांना मात्र विषय-शीर्षं तुटपुंजी असतात. तिथे तिसरा_चंद्र यांची वाट बरी.

गोष्टीवेल्हाळ
वाखूसा (वाचनखूण साठवली). हा प्रतिसाद छापून कपाटाच्या दाराला लावावा असा आहे.

ओळंबा
अवांतर: फॅन्टसीला 'अद्भुतिका' म्हणा की. छान शब्द आहे.

शंकासुर
छान आहे, पण अद्भुतिका म्हटलं की लहान मुलांची परीकथा डोळ्यापुढे येते. करवसुलीवर दोनशे पानं असलेल्या पुस्तकाला अद्भुतिका कसं म्हणणार?

वाचाळवीर
करवसुली वेळेवर आणि पूर्ण होत असेल तर अद्भुतिकाच ती.

तळटीप
:) मूळ मुद्द्यावर या हो. अनुवादांबद्दल बोलायला हवं, कारण विज्ञानकथेचा मोठा भाग लोक अनुवादातून वाचतात.

तिसरा_चंद्र
अगदी. आणि फुकट मिळणाऱ्या जुन्या अनुवादांपासून विशेष सावध. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीचा १८७० च्या दशकातला मर्सियरचा इंग्रजी अनुवाद मूळ मजकुराचा जवळपास चतुर्थांश गाळतो. नेब्रास्कातल्या 'बॅडलँड्स' या ओसाड, खडबडीत भागाचं त्याने 'अप्रिय प्रदेश' करून टाकलं. प्रताधिकार संपलेला असल्याने हाच अनुवाद पुनःपुन्हा छापला जातो. 'व्हर्न म्हणजे मुलांसाठी' या समजुतीला असल्या अनुवादांनीही हातभार लावला.

स्टानिस्लाव्ह लेमच्या 'सोलारिस'चं आणखी वेगळं. मूळ पोलिश १९६१ चं. इंग्रजी १९७० साली आलं ते फ्रेंच अनुवादावरून. थेट पोलिशवरून इंग्रजी यायला २०११ उजाडलं.

म्हणून अनुवाद घेताना हक्कपृष्ठावर तीन गोष्टी बघा: अनुवादकाचं नाव, कुठल्या भाषेवरून, आणि 'संक्षिप्त' असा बारीक अक्षरातला शब्द. अनुवादकाचं नावच नसेल तर पुस्तक परत ठेवा. नाव असेल आणि पुस्तक आवडलं तर त्या अनुवादकाने आणखी काय केलंय ते शोधा. चांगल्या अनुवादकांना बहुधा चांगली चवही असते.

ओळंबा
आजकाल एआयला विचारलं की दहा नावं लगेच मिळतात, एवढी उठाठेव कशाला?

सूचीकार
मिळतात, पण त्यातली काही पुस्तकं अस्तित्वातच नसतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या एका पुरवणीत उन्हाळी वाचनाची १५ नावं छापून आली. त्यांतली १० बनावट होती: लेखक खरे, पुस्तकं काल्पनिक. तेव्हा मिळालेलं प्रत्येक नाव 'वर्ल्डकॅट'सारख्या संयुक्त सूचीत टाकून पाहा. पुस्तक खरं असेल तर प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या आणि ते असलेली ग्रंथालयं दिसतात. काहीच सापडलं नाही तर आणखी एका सूचीत बघा, आणि तिथेही नसेल तर सोडून द्या.

उलटा प्रकारही आहे: पुस्तक विकत मिळतं, पण ते माणसाने लिहिलेलं नाही. प्रवास-मार्गदर्शिकांमध्ये हा सुळसुळाट फार. खुणा: एकाच लेखकाच्या नावावर वर्षात तीस देशांच्या मार्गदर्शिका, लेखकाचा दुसरीकडे कुठेच माग नाही, नकाशे नाहीत, रस्त्यांची नावं नाहीत, आणि प्रत्येक शहर 'इतिहास आणि आधुनिकतेचा अनोखा संगम'.

आडवाट
शेवटच्या खुणेवर माणसांनी लिहिलेलीही बरीच पुस्तकं आपटतील.

गोष्टीवेल्हाळ
सोडून कधी द्यायचं, याचाही नियम हवा. नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंचा प्रसिद्ध आहे: पन्नाशीपर्यंत प्रत्येक पुस्तकाला ५० पानं द्या. पन्नाशीनंतर १०० तून वय वजा करा, तेवढीच पानं. बासष्टाव्या वर्षी ३८ पानं. शंभरी गाठलीत की नुसत्या मुखपृष्ठावरून निकाल द्यायची मुभा.

पण हा नियम प्रकारागणिक वाकवा. फॅन्टसीला ५० पानं अपुरी, जग उभं राहायलाच वेळ लागतो, ८० तरी द्या. राजकारणाच्या पुस्तकाला प्रस्तावना आणि कुठलंही मधलं एक प्रकरण. कथासंग्रहात पहिली, शेवटची आणि शीर्षककथा.

शंकासुर
ब्लर्बचं काय? मलपृष्ठावर सगळे सगळ्यांना 'अद्वितीय' म्हणतात.

तळटीप
शब्द वाचू नका, नाव वाचा. आणि स्तुती याच पुस्तकाची आहे की आधीच्या, ते बघा. 'लेखकाच्या पूर्वीच्या लेखनाविषयी' असं बारीक अक्षरात असेल तर या पुस्तकाबद्दल बोलायला कुणी तयार झालं नाही असा अर्थ निघू शकतो. मधे तीन टिंबं असली तर मूळ परीक्षण शोधून काढा. टिंबांच्या जागी बहुतेक वेळा 'पण' असतो.

कोरं_पान
सगळ्यांचे आभार. एकच रीत चालत नाही हे कळलं. आता सरळ विचारतो: आठवड्याला एकच तास हाताशी असेल तर तो कुठे घालावा?

सूचीकार
पहिली वीस मिनिटं: नुकत्याच आवडलेल्या एका पुस्तकाच्या मागची पानं. राजकारण-प्रवास असेल तर संदर्भसूची, कादंबरी असेल तर ऋणनिर्देश आणि अनुवादक-संपादकाचं नाव. चार नावं लिहून काढा, जास्त नाही.
पुढची दहा मिनिटं: चारही नावं संयुक्त सूचीत तपासा, आवृत्ती आणि साल लिहा.
उरलेला अर्धा तास वाचायला: एक विज्ञानकथा किंवा एका पुस्तकाचं मधलं प्रकरण.

वहीत प्रत्येक नावापुढे 'कुठून कळलं' हा रकाना ठेवा. वीसेक पुस्तकं झाली की कुठला झरा गोड आणि कुठला खारट ते त्या रकान्यातच दिसतं. खारट असेल तो बंद करा, मग तो कितीही मोठा पुरस्कार असो.

तळटीप
+१. त्यात एकच भर. राजकारणाची नावं निवडताना चारांतलं एक आपल्याला न पटणाऱ्या बाजूचं घ्या, पण त्या बाजूचं सगळ्यात गाजलेलं घेऊ नका. गाजलेलं पुस्तक आपल्याच लोकांना खूश करायला लिहिलेलं असतं. त्या बाजूचे लोक आपापसांत भांडताना ज्याचा हवाला देतात, ते घ्या.

वाचाळवीर
एवढे प्रतिसाद झाले आणि शिफारस म्हणून एकही नाव नाही. आंतरजालावरचा विक्रम असावा. फर्मर धरला तर एक.

आडवाट
तो धरू नका, तो त्या पंचविसांतलाच आहे.